गोरा वाफा

कमळवहिनीचं नाव निघालं की आमच्या गावातली माणसं म्हणतात, दिरावर एवढी माया करणारी भावजय शोधून सापडायची नाही. मी गप्प ऐकून घेतो. खरं बोललो तर मलाच कृतघ्न म्हणतील. पण त्या मायेने माझं जे केलं ते एखाद्या वैऱ्यालाही जमलं नसतं, आणि आता आठ-नऊ वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही. जायला काही कारणही मला दिसत नाही.

आमचं गाव किन्हवलीच्या पलीकडे. तिथे भात हेच पीक. आधी एका लहानशा वाफ्यात दाट पेरायचं, रोप वाढलं की उपटून खाचरात लावायचं. आणि तो वाफा पेरण्याआधी उन्हाळ्यात भाजून काढायचा. ऐनाच्या झाडाच्या फांद्या, पालापाचोळा, गवत, शेण यांचे थर रचायचे, वरून माती पसरायची आणि पेटवून द्यायचं. याला राब म्हणतात. चैत्र-वैशाखात आमच्याकडे कुठेही बघा, धूर. आणि रानातले ऐन बघा, पिसं उपटलेल्या कोंबड्यांसारखे उभे असतात.

हे भाजणं कशासाठी, असं मी लहानपणापासून विचारत आलो. उत्तर एकच मिळायचं. "राब भाजल्याबिगर रोप व्हत नाय." मग मी विचारायचो, न भाजता कोणी पेरून बघितलंय का? त्यावर माणसं हसायची, नाहीतर टपली मारायची. 'असंच असतं' या उत्तराने माझं डोकं फिरतं. तेव्हाही फिरायचं.

आईवडील मी लहान असतानाच गेले. मला वाढवलं माझ्या थोरल्या भावाने, महादूदादाने, आणि त्याच्या बायकोने, म्हणजे कमळवहिनीने. ती मुरबाडकडची. लग्न होऊन आली तेव्हा मला धड नाक पुसता येत नव्हतं, ते तिने शिकवलं. किन्हवलीच्या शाळेतून पुढे इंग्रजी शिकायला मला कल्याणला धाडलं तेही तिनेच, दादाच्या मागे लागून. सुट्टीत घरी आलो की शिकलेलं सगळं मी तिला सांगायचो. चुलीपुढे बसून ती हुं हुं करत ऐकायची आणि मधेच म्हणायची, "भावजी, तुमचं डोकं फुटल येक दिवस. जरा पोटात पन ढकला कायतरी." अख्ख्या गावात माझं ऐकून घेणारं तेवढं एकच माणूस होतं.

मी मॅट्रिकच्या वर्षाला होतो. संक्रांतीला घरी आलो, तेव्हा किन्हवलीचे जयराम मास्तर मुद्दाम चालत आमच्याकडे आले. घाटावरच्या एका शेतकी कॉलेजात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी थोड्या जागा ठेवल्या होत्या. फी माफ, राहणं-खाणं कॉलेजचं. पण नुसत्या मॅट्रिकच्या मार्कांवर जागा मिळणार नव्हती. अर्ज करणाऱ्याने शेतीतला एखादा प्रश्न स्वतः शोधायचा, त्यावर स्वतःच्या हाताने काम करायचं, आणि ते काम आषाढात शहापूरच्या डाकबंगल्यावर येणाऱ्या प्रोफेसरांपुढे मांडायचं.

"पाठ केलेलं चालायचं नाही," मास्तर म्हणाले. "ज्याचं त्याच्या डोक्यातलं पाहिजे. तुझ्या डोक्यात काय आहे ते मला ठाऊक आहे. ते राबाचं कर."

'का' असं विचारलं तर टपली मारत नाहीत, उलट जागा देतात, असं ठिकाण जगात आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर मला दुसरं काहीच नको होतं. झोपताना कॉलेज, जेवताना कॉलेज. मला ती जागा हवी होती, बस्स.

मी दादापुढे बेत मांडला. एक वाफा घ्यायचा. मधे बांध घालून त्याचे दोन भाग करायचे. एक भाग नेहमीसारखा भाजायचा. दुसऱ्याला आग दाखवायची नाही, नुसतं कुजलेलं शेणखत घालायचं. बी एकाच कणगीतलं, पेरणी एकाच दिवशी. मग जे उगवेल ते बघायचं.

दादा म्हणाला, "आन् रोप मेलं तर लावनीला काय लावू? तुझी पुस्तकं?"

"मेलं तर मेलं. मग भाजायला लागतं हे तरी कळेल."

"ते आमाला आत्ताच ठावं हाय."

तेवढ्यात वहिनी चुलीपासून म्हणाली, "द्या ना येक तुकडा भावजींना. दरसाल उंदीर खातात, तवा त्यांना काय बोलता का?"

दादा हसला आणि काम झालं. वहिनीने त्याच संध्याकाळी वाफ्याच्या दोन भागांची नावंही ठेवून टाकली. भाजायचा तो काळा वाफा, बिनभाजलेला तो गोरा. "भावजींना गोरीच पायजे," असं म्हणून ती शेजारणींना हसवायची. मीही हसायचो.

दोन दिवसांनी मास्तर बेत ऐकायला पुन्हा आले, तेव्हा निघताना वहिनीने त्यांना अंगणात गाठलं. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. पुढे कळलं ते असं: तिने विचारलं, भावजींना खरंच घेतील का हो? आणि मास्तर घाईत म्हणाले, "गोरा वाफा हिरवागार झाला, की कुंडलिक गेलाच म्हणून समज."

राब भाजायच्या दिवसांत माझी परीक्षा. मी कल्याणला निघालो, तेव्हा गोरा वाफा वहिनीच्या हवाली केला. तिला पुन्हा पुन्हा बजावलं. काळा भाजताना मधला बांध भिजवून घे. गोऱ्यावर ठिणगीसुद्धा उडता कामा नये. खत मी सांगितलं तेवढंच. ती प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती.

"शपथ घे," मी म्हटलं.

"शपथा कसल्या घ्यायला लावता? मी काय चोर हाय?"

मलाच ओशाळल्यासारखं झालं. पुन्हा मी शपथेचं नाव काढलं नाही.

परीक्षा देऊन आलो तो तडक शेतावर गेलो. काळा वाफा काळाभोर होता. गोरा तांबूस, भुसभुशीत, एक ढेकूळ नाही. वहिनी म्हणाली, वरून वारुळाची माती पसरलीय, तिने जमीन मऊ राहते. वारुळाची माती माझ्या बेतात नव्हती. मी जरा कुरकुरलो. पण आगीशी तिचा काही संबंध नव्हता, म्हणून सोडून दिलं. वहिनीच्या तळहातांना कुदळीचे फोड आले होते आणि कोपराखाली भाजल्याचा ताजा चट्टा होता. "तवा लागला," ती म्हणाली. एवढी ती माझ्यासाठी राबली म्हणून मी तिच्या पाया पडलो. तिने मला उठवलं नाही, तोंड फिरवून घराकडे निघून गेली. मला वाटलं, तिला भरून आलं.

पाऊस लागला, पेरा झाला. दोन्ही वाफे उगवले. मी रोज बांधावर उकिडवा बसून बघायचो. आधी दोन्ही सारखे दिसत होते. मग गोरा पुढे निघाला. पानं रुंद, रंग गर्द, उंचीलाही काळ्यापेक्षा बोटभर जास्त. आनंदात मला जेवणही सुचेना. बापजाद्यांपासून सगळे रान छाटत आले, धूर खात आले, आणि त्याची गरजच नव्हती. हे मी शोधून काढलं होतं. मी, कुंडलिकने.

गाव बघायला आलं. बायका यायच्या, गोऱ्या वाफ्याकडे बघायच्या, मग वहिनीकडे बघून हसायच्या. वाडीवरचा म्हातारा सावळ्या, जो दरसाल आमच्याकडे राबाच्या फांद्या तोडायला यायचा, तोही आला. तंबाखू मळत उभा राहिला आणि म्हणाला, "कुंडलिक, वयनीचं पाय धुऊन पी रं बाबा." मला वाटलं, खत वाहिलं त्याबद्दल बोलतोय. सगळे कौतुक करत होते आणि ते माझंच आहे असं समजून मी छाती काढून फिरत होतो. तेव्हाचं ते फिरणं आठवलं की आजही अंगाची आग होते.

शहापूरला जायचा दिवस आला. दोन पाट्यांत दोन्ही वाफ्यांतली रोपं मातीसकट न्यायची होती. मी कुदळ घेतली तर वहिनीने ती ओढून घेतली. "कापडं मळतील. मी काढते. मुळं तुटाया नकोत." तिने रोपांच्या भोवती खोल खणून मातीची अख्खी लादी उचलली, खाली सागाची पानं घातली, वरही पानांनी झाकलं. इतक्या हलक्या हाताने की एक पातं मोडलं नाही. दादाने दोन्ही पाट्या कावडीला लावल्या आणि खांद्यावर घेतल्या. मी घेतो म्हटलं तर म्हणाला, "तू तुझी टोपी सांबाळ."

दादा एरवी वाटेने गप्पा मारत चालणारा माणूस. त्या दिवशी तो बोलत नव्हता. एका ओढ्यावर आम्ही टेकलो तेव्हा त्याने विचारलं, "तिथं माती पन बघतात काय रं?"

"रोप बघायचं सोडून माती कशाला बघतील?"

"मंग झालं," तो म्हणाला आणि कावड उचलली.

डाकबंगल्याच्या ओट्यावर मास्तर आधीच येऊन बसले होते. माझ्या आधी मुरबाडच्या एका मुलाचा नंबर होता. त्याने पुठ्ठ्यांवर रानातल्या झाडांची पानं चिकटवून आणली होती, गुरं कुठली खातात आणि कुठली खात नाहीत ते दाखवायला. काही पानांखाली नाव नव्हतं. प्रोफेसरांनी विचारलं, ही रिकामी का? तो म्हणाला, "तीन गुराख्यांना विचारलं, तिघांनी तीन नावं सांगितली, म्हणून लिहिलं नाही." मला हसू आलं. अपुरं काम घेऊन हा आलाच कशाला, असं वाटलं. प्रोफेसरांनी मात्र त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग माझी पाळी. दादाने पाट्या ओट्यावर ठेवल्या आणि तो खाली अंगणात जाऊन उभा राहिला. मी बोललो. चांगलं बोललो, इतकं की मास्तर मान डोलवत होते. प्रश्न कसा सुचला, बांध कसा घातला, बी कसं एकाच कणगीतलं, सगळं सांगितलं आणि मग पानं बाजूला केली.

प्रोफेसर खुर्चीतून उठले. उतारवयाचे, काळा कोट, बूट चिखलाने भरलेले. ते चक्क पाट्यांपाशी उकिडवे बसले.

"राब न भाजता?"

"एक काडी पेटवली नाही, साहेब."

"आणि भाजलेल्यापेक्षा सरस?"

"हो."

"मी पुष्कळ वर्षं याच प्रश्नावर काम करतोय," ते म्हणाले. "न भाजता रोप येतं. पण इतकं चांगलं आलेलं मी अजून बघितलं नाही."

ही शाबासकी आहे असं मी समजलो. त्यांनी कोटाची बाही वर सारली आणि हात गोऱ्या पाटीच्या मातीत खोल घातला. बाहेर काढला तेव्हा चिमटीत एक काटकी होती. ऐनाची. तिची साल अजून ओळखू येत होती, बाकीचा कोळसा झाला होता. त्यांनी ती रुमालावर ओढली. काळी रेघ उमटली.

"हे काय आहे?"

मला वाटलं, पाट्यांची अदलाबदल झाली. पण दुसरी पाटी समोरच होती, काळी ती काळीच होती. मी गोरी पाटी उचलली आणि ओट्यावर सरळ उपडी केली. वर वारुळाची तांबडी माती, त्याखाली खत आणि त्याच्याखाली काळा थर, भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखा वेगळा दिसणारा. मी खाली अंगणात बघितलं. दादा घोंगडीची खोळ घेऊन चिंचेखाली उभा होता आणि झाडाच्या शेंड्याकडे बघत होता. आमच्या दादाला चिंचेच्या शेंड्यात कधीच काही बघायचं नव्हतं. मी काय ते समजलो.

"खोटंच करायचं होतं तर एवढे कष्ट कशाला घेतलेस?" प्रोफेसर म्हणाले.

"मी भाजलं नाही, साहेब."

"मग कोणी भाजलं?"

आता सांगा, काय बोलायचं? माझ्याच घरच्यांनी भाजलं म्हणायचं, आणि त्या परक्या माणसांसमोर वहिनीला चोर ठरवायचं? मी एवढंच म्हटलं, "मला ठाऊक नव्हतं."

"वाफा तुझा. तू पेरलास, तू रोज बघितलास. आणि खाली काय आहे ते तुला ठाऊक नव्हतं?"

"नाही."

"हे खरं असेल तर जास्तच वाईट," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "अरे, रोप पिवळं पडत होतं तर पडू द्यायचं होतंस. पिवळी रोपं घेऊन आला असतास, न भाजता नीट वाढली नाहीत असं सांगितलं असतंस, तर आत्ता इथेच तुझं नाव लिहिलं असतं."

त्यांनी रुमाल झटकला आणि पुढच्याला हाक मारली. मास्तर छत्री घेऊन उठले आणि माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरून गेले. लबाड मुलगा शिकवला म्हणून त्यांना लाज वाटली असावी. त्यानंतर ते माझ्याशी कधी धड बोलले नाहीत.

शहापूरच्या बाजारात दादाने भजी घेतली आणि पुडा माझ्यापुढे धरला. मी हात लावला नाही.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"समद्यांनाच व्हतं रं."

"सावळ्याला?"

"त्यानंच तर पाला आनून दिला."

"आणि मला एकानेही सांगितलं नाही."

"तू येवढा आनंदात व्हतास," दादा म्हणाला. "कोन सांगनार?"

ओढ्यावर आलो तेव्हा मी कावडीला हात घातला. दोन्ही पाट्या पाण्यात फेकून द्यायच्या होत्या. गोऱ्या पाटीची लादी दादाने पुन्हा गोळा करून भरली होती. त्याने काठी घट्ट धरली. "रोप टाकू नको, कुंडलिक. लावनीला व्हईल." आणि ज्या रोपांनी माझी जागा घालवली ती रोपं त्याने खांद्यावरून परत घरी आणली.

वहिनी दारात उभी होती. पाय धुवायला पाणी काढलेलं, देवळात फोडायला नारळ आणलेला. माझं तोंड बघून तिने दादाकडे बघितलं. दादाने मान खाली घातली.

"का केलंस?" मी विचारलं.

"मास्तर म्हनले, हिरवा झाला तर तुमी जाल. मी म्हटलं, आपल्या हातात हाय तेवढं तरी करू."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तुमी नको म्हटलं असतं."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नव्हता तुझा."

"तुमच्यावर हाय ना, भावजी," ती कळवळून म्हणाली. "बिनभाजल्या रोपावर कसा ठेवायचा?"

मी ओसरीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. प्रोफेसर पिवळ्या रोपांबद्दल काय म्हणाले ते दादाने अंगणातून ऐकलं नव्हतं, आणि मी घरात कोणाला सांगितलं नाही. ते बोलायला माझी जीभच उचलेना.

मुरबाडच्या मुलाला जागा मिळाली. त्याच साली दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि पुढच्या वर्षी तसल्या जागाच राहिल्या नाहीत. मी दादाबरोबर नांगर धरला. वहिनीशी बोलणं कामापुरतं. जेवण वाढलंय, हो. बैल सोडलेत का, हो. ती कधी कधी चुलीपासून विचारायची, "भावजी, काय वाचलंत आज?" मी म्हणायचो, काही नाही.

पुढच्या वैशाखात मी पुन्हा तोच वाफा धरला. तोच बांध. दादाने अडवलं नाही. या वेळी गोरा वाफा मी कोणाच्या हवाली केला नाही. शेतात खोप बांधली आणि पेरणी होईतो तिथेच राहिलो. खत मी घातलं, बी मी टाकलं. कोणासाठी करतोय हे मला सांगता आलं नसतं. पण एक गोष्ट मला कळायलाच हवी होती, आणि ती माझ्यापासून चोरली गेली होती.

रोप उगवलं. मेलं नाही. पण काळ्याच्या मानाने बुटकं राहिलं, आणि पात्यांची टोकं पिवळट. गाव म्हणत होतं तेवढं वाईट नाही, मी म्हणत होतो तेवढं चांगलं नाही. मधलंच काहीतरी.

दुपारची भाकर घेऊन वहिनी शेतावर आली. वाफ्यापाशी थांबली, वाकली, त्या पिवळट रोपांवरून तिने हात फिरवला. वर्षभरात पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा झालेला मी बघितला.

"बघा भावजी," ती म्हणाली. "ही घेऊन शापूरला गेला असता तर काय तोंड दाखवलं असतं?"

टोमणा नव्हता तो. वर्षभर तिचं मन तिला खात होतं, आणि आपण केलं ते चुकलं नाही हे आता तिला तिथे वाफ्यात उगवलेलं दिसत होतं. म्हणून मला बोलावंच लागलं.

"हीच न्यायची होती," मी म्हटलं. "ही पिवळी नेली असती तर मला घेतलं असतं. त्यांनी तोंडावर सांगितलं मला."

ती हसली. "पिवळ्या रोपाला कोन घेतंय, भावजी?" मग तिने माझ्याकडे बघितलं. "खरंच?"

"खरंच."

भाकरीचं फडकं बांधावर ठेवून ती तिथेच चिखलात बसली. रडली नाही. एक पिवळट पातं तिने बोटांत धरलं. मग म्हणाली, "म्हंजी तुमाला जिकायचं नव्हतं?"

"काय होतं ते बघायचं होतं. मी तुला किती वेळा सांगितलं होतं. मेलं तर मेलं, पण कळेल. तुझ्यासमोर म्हटलं होतं, दादाला."

"आयकलं व्हतं," ती म्हणाली. "मला वाटलं, तसं बोलायचं असतं."

भाकर मी खाल्ली. भूक लागली होती. ती रिकामं फडकं घेऊन बांधाबांधाने घरी गेली, आणि पुढे लावणीच्या वेळी ती पिवळी रोपं तिने आमच्या सगळ्यात चांगल्या खाचरात स्वतःच्या हाताने लावली. गावाने तिचं त्याबद्दलही कौतुक केलं.

वाफा भाजला ते मी एखादे दिवशी विसरेनही. पण मी सुट्टीत घरी यायचो, चुलीपुढे बसून तिला सगळं सांगायचो, आणि ती हुं हुं करत ऐकायची, ते मला विसरता येत नाही.